दुसरा फ्लॅट, दुसरा हप्ता: पदरचे किती जाणार?

भाड्यातून हप्ता फिटेल या हिशोबावर पुण्यात दुसरा फ्लॅट घ्यायला निघाला असाल, तर आधी थांबा. तो तसा फिटत नाही. वर्षाचं भाडं फ्लॅटच्या किमतीच्या तीन-चार टक्के येतं आणि कर्जाचं व्याज साधारण त्याच्या दुप्पट असतं. म्हणून एजंटला फोन करण्याआधी एकच आकडा काढायचा: दर महिन्याला पदरचे किती घालावे लागणार.

उदाहरण धरू. नवरा-बायको दोघांचे मिळून हातात ७०,००० रुपये येतात, राहत्या घराचा हप्ता १४,००० आहे. नऱ्हे, धायरी किंवा मोशीच्या बाजूला ३५ लाखांचा जुना वन बीएचके बघितलाय, भाडं १२,००० मिळेल. व्याजदर ८.५ टक्के धरला तर २० वर्षांच्या मुदतीला लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो, २५ वर्षांना ८०५. हे दोन आकडे पाठच करून ठेवा, निम्मं काम त्यातच होतं.

बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ देतात. ७०,०००चे निम्मे ३५,०००, त्यातून चालू हप्ता गेला, उरले २१,०००. त्यात २० वर्षांसाठी २४ लाख बसतात, २५ वर्षांसाठी २६ लाख. फ्लॅटमध्ये आधीच भाडेकरू असेल आणि करार नोंदणीकृत असेल तर काही बँका भाड्याचा थोडा भाग मिळकतीत धरतात. निम्मं भाडं, म्हणजे ६,००० धरले तर जागा २४,००० होते आणि कर्ज साडेसत्तावीस लाखांपर्यंत जातं. नोटरी केलेला करार किंवा ‘भाडं रोख येतं’ हे बँकेच्या लेखी शून्य. मोटारसायकलचा किंवा मोबाइलचा चालू हप्तासुद्धा यातच मोजला जातो. ३,००० रुपयांचा हप्ता म्हणजे साडेतीन लाखांचं कर्ज कमी. तो आधी फेडून टाका आणि सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, तो बंद दिसायला लागल्यावरच अर्ज करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के ही कमाल मर्यादा आहे. दुसऱ्या घराला मात्र ८० टक्केच धरून चाला. ही टक्केवारी बँकेच्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत आणि कराराची किंमत यांतल्या कमी असलेल्या आकड्यावर लागते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्यात येत नाही. मालक ३५ म्हणतोय आणि मूल्यांकक ३२ म्हणाला, तर ८० टक्के म्हणजे २५ लाख ६० हजार. वरचे २ लाख ४० हजार तुमचे. जुन्या इमारतीत हे सर्रास होतं.

आता खिशातून किती लागतील ते बघू. ३५ लाखांचे ८० टक्के, म्हणजे पूर्ण २८ लाख कर्ज (वरच्या पगाराच्या हिशोबापेक्षा थोडं जास्तच) मिळालं असं धरलं तरी ७ लाख रोकडा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ४५ हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट मिळते, इथे ३५,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की ती सूट गेली. नोंदणी फी एक टक्का पण कमाल ३०,०००. एजंट एक टक्का धरा, ३५,०००. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत कमाल २५,०००. ते कोणी भरायचं हे विसार (आगाऊ रक्कम) देतानाच्या पावतीतच लिहून घ्या, नंतर यावरून हमखास वाद होतात. कर्ज पाच लाखांपेक्षा जास्त असेल तर गहाण कराराला पूर्ण रकमेवर ०.३ टक्के मुद्रांक, इथे ८,४००. प्रक्रिया शुल्क आणि वकील मिळून २०,०००. रंग, नळ, गीझर, किचन ट्रॉली यांना ६०,०००. बेरीज सव्वाअकरा लाखांच्या जवळ जाते. शिवाय दोन्ही घरांचे सहा महिन्यांचे हप्ते वेगळे. ते बाजूला ठेवून सव्वाअकरा लाख उरत नसतील तर अजून वर्षभर थांबणं परवडतं. हे पैसे पर्सनल लोनने उभे करायचा मोह होतो. पाच वर्षांच्या मुदतीत त्याचा लाखामागचा हप्ता २,२००च्या पुढे जातो, आणि वरचा पन्नास टक्क्यांचा हिशोब तिथेच कोलमडतो. त्यापेक्षा राहत्या घरावर टॉप-अप (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) घ्या, दर बराच कमी पडतो. पण त्याचाही हप्ता त्याच २१,०००मधून जातो हे विसरू नका.

महिन्याचा हिशोब असा: भाडं १२,०००. सोसायटी मेंटेनन्स १,५००. भाडेकरू ठेवला म्हणून बिनभोगवटा शुल्क. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही (शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१चा आहे, सोसायटीने जास्त लावलं तर तो दाखवा), म्हणून दीडशे धरा. मिळकत कर ६००. वर्षातून महिनाभर फ्लॅट रिकामा आणि नव्या भाडेकरूसाठी एजंटला महिन्याचं भाडं, याचे दरमहा २,०००. दुरुस्ती ५००. हातात ७,२५०. हप्ता २८ लाखांवर २४,३००. म्हणजे दरमहा १७,००० पदरचे. आणि हप्त्यातले पहिल्या महिन्याचे १९,८०० निव्वळ व्याज, मुद्दल जेमतेम साडेचार हजार.

मिळकत करात एक खाच आहे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. आधीचा मालक स्वतः राहत असेल तर त्याचं बिल बघून हिशोब करू नका. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला घेत असाल तर तिथे २०१९पासून दिवसाआड पाणी आहे, म्हणून सोसायटीचा उन्हाळ्यातला टँकरचा खर्च विचारा. मेंटेनन्स मार्चनंतर वाढतो तो बहुधा त्यामुळेच.

व्याजदर कायम राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४वरून ६.५ टक्के झाला. तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र कित्येक वर्षांनी लांबली. ८.५चा ९.५ झाला तर २८ लाखांचा हप्ता १,८०० रुपयांनी वाढतो. १७,०००च्या जागी १९,००० झेपतात का, हे आजच बघा. उलट बाजूनेही एक सोय आहे: वैयक्तिक नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बोनसमधून दर वर्षी एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचं कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं. जादा पैसे भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी सांगा.

कर वाचतो म्हणून घ्या, असं कोणी म्हणालं तर त्याला तुमची करप्रणाली विचारा. भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, मग व्याज. जुन्या प्रणालीत यातून निघणारा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वळता होतो. नव्या प्रणालीत पगारातून वळता होत नाही, फक्त भाड्यावरचा कर शून्य होतो. आणि आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाला नव्या प्रणालीत मुळात कर बसतच नाही, मग वाचणार काय? जुन्या प्रणालीत वजावट घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा: ती कर्जदार असलेल्या मालकालाच मिळते. फ्लॅट बायकोच्या नावावर आणि हप्ता नवऱ्याच्या पगारातून, अशी घडी असेल तर सही करण्याआधी कर सल्लागाराला दाखवा.

क्रम चुकला की पैसे अडकतात. आधी सिबिल अहवाल काढा, मग बँकेकडून मंजुरीची रक्कम लेखी घ्या, मग फ्लॅट बघा, मग कागद वकिलाला द्या, आणि विसार त्यानंतर. विसार पावतीत एक ओळ हवीच: कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे किंवा मूल्यांकनामुळे कर्ज नाकारलं गेलं तर पूर्ण रक्कम परत. मालक ही ओळ घालायला तयार नसेल तर त्याला कागदांतली अडचण बहुधा माहीत असते.

बँकेचा वकील काय मागतो? बिल्डरपासून आतापर्यंतच्या प्रत्येक खरेदीचा मूळ करार आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, भागपत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रत यांत महिना जातो. २०२१मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत विशेष सावध राहा. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभी राहिलेली इमारत बहुतेक बँका घेत नाहीत, गुंठेवारीतलीही (गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या बिनमंजूर प्लॉटवरचीही) नाही. मिळकत कराची पावती दाखवून ‘सगळं कायदेशीर आहे’ असं सांगतात, पण अनधिकृत बांधकामालाही कर लागतो.

मालकाचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून फेडीची रक्कम आणि तिथल्या कागदांची यादी लेखी मागवा. तुमची बँक धनादेश थेट त्या बँकेच्या नावाने काढते. मालकाला ‘आधी एवढे द्या, मी कर्ज फेडतो’ म्हणून पैसे देऊ नका. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरणं ही तुमची जबाबदारी आहे. आपल्या ३५ लाखांना तो प्रश्न नाही.

‘करार २८चा करू, ७ रोखीत द्या’ हा प्रस्ताव जुन्या फ्लॅटला येतोच. बँक २८वरच कर्ज देते, म्हणून ते सात लाखही तुमच्याच खिशातून जातात. शिवाय मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) आणि करार यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, आणि उद्या विकताना तुमची खरेदी किंमत २८च धरली जाते.

मंजुरीपत्रासोबत विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच घालून दिलेला असतो. तो सक्तीचा नाही. तेवढ्याच कव्हरचा साधा टर्म विमा वेगळा घ्या, पण घ्या. कर्ज मिळाल्यावर ३० दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ (फ्लॅट गहाण असल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) दाखल झाली का ते बँकेला विचारा.

भाडेकरू आला की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ने ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. १२,००० भाडं आणि ३०,००० अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला ०.२५ टक्क्याने मुद्रांक साडेतीनशेच्या आसपास बसतं, शहरात नोंदणी फी १,०००. घरबसल्या बोटांचे ठसे देऊन होतं. हाच नोंदणीकृत करार पुढे बँकेत मिळकतीचा पुरावा म्हणून चालतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरून तिची पोच करारासोबत ठेवा, आणि एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या.