काटण्याआधी अवयव पाडा

आठवीत गुणोत्तरीय बैजिक राशींना, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही बैजिक राशी असलेल्या अपूर्णांकांना, सोपे रूप द्यायला शिकताना मी अंशात आणि छेदात जे सारखे दिसेल ते काटत असे. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी, मे महिन्यात कूलरसमोर बसून सोडवलेले (क्ष² − ५क्ष + ६) / (क्ष² − ९) हे उदाहरण मला अजून आठवते. वरचा आणि खालचा क्ष² काटून मी (−५क्ष + ६) / (−९) असे उत्तर लिहिले होते. ताईने चूक न दाखवता क्षच्या जागी १ ठेवून ताळा करायला सांगितले. मूळ राशीची किंमत −१/४ आली आणि माझ्या उत्तराची −१/९.

मग तिने (५ + ३) / (५ + ७) लिहिले. त्याची किंमत ८/१२, म्हणजे २/३. पण ५ काटले तर ३/७ उरतात. बेरजेतले एखादे पद काटता येत नाही, कारण छेदाने संपूर्ण अंशाला भागायचे असते. काटता येतो तो फक्त दोन्हींचा सामाईक अवयव, म्हणजे संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला गुणणारा घटक.

आज मी शिकवणीत नव्या मुलांकडून आधी अवयवच पाडून घेतो. अंशाचे अवयव (क्ष − २)(क्ष − ३), छेदाचे (क्ष + ३)(क्ष − ३), आणि (क्ष − ३) गेल्यावर उरते (क्ष − २) / (क्ष + ३). मात्र काटण्यापूर्वी, छेदाचे अवयव समोर असतानाच, क्षची किंमत ३ किंवा −३ असू शकत नाही हे लिहून ठेवावे, कारण तेव्हा छेद शून्य होतो. उत्तराकडे पाहून −३ लक्षात येतो, पण ३ दिसेनासा झालेला असतो. तिथे मूळ राशी ०/० होते आणि सोपे रूप मात्र १/६ देते. अकरावीत लिमिट, म्हणजे क्ष ३च्या अगदी जवळ जाताना राशी कोणत्या किमतीकडे जाते ते, शिकताना हाच १/६ पुन्हा भेटतो, त्यामुळे ही अट मला फार मोलाची वाटते.

(३ − क्ष) / (क्ष − ३) याचे उत्तर १ नसून −१ येते, हेही ध्यानात असू द्यावे.

ताळ्यासाठी सोपे म्हणून पुष्कळ मुले क्ष = ० घेतात. पहिल्या उदाहरणात तसे केले, तर बरोबर उत्तराची किंमत −२/३ येते आणि माझ्या त्या चुकीच्या उत्तराचीही −२/३च येते, कारण चुकून काटलेला क्ष² तिथे मुळातच शून्य असतो.