दुसऱ्याच्या कॉम्प्युटरसाठी पार्ट भेट देताना

भाच्याला वाढदिवसाला रॅम किंवा वडिलांच्या रखडणाऱ्या लॅपटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपची डिस्क), ही भेट कामाची खरी. पण आधी मशीनची कुंडली हातात हवी. ‘डेलचा आहे, पाच-सहा वर्षं जुना’ एवढ्या माहितीवर पार्ट काढून देणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नका.

माहिती काढायला पाच मिनिटं पुरतात. मशीन चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. एकूण रॅम, तिचा वेग, किती स्लॉट भरलेत आणि फॉर्म फॅक्टर (म्हणजे पट्टीचा आकार-प्रकार) हे सगळं तिथे दिसतं. शेजारीच डिस्कवर गेलात की एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, तेही कळतं. रॅम कुठल्या पिढीची, म्हणजे डीडीआर३, ४ की ५, हे सीपीयू-झी या मोफत प्रोग्राममध्ये दिसेल. स्क्रीनचे आणि लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. कमाल किती रॅम चालते आणि कुठला स्लॉट कसला, हे तिथे लिहिलेलं असतं. गुपचूप हे जमत नसेल तर सरप्राइजचा हट्ट सोडा आणि सरळ विचारा.

मशीनमध्ये अजून तबकडी फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर दुसरा विचारच नको, एसएसडी द्या. ८ जीबीची १६ जीबी रॅम केल्याने जेवढा फरक पडेल, त्याहून जास्त बहुधा इथे पडतो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) एसएसडी बसते. पातळ लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट असतो आणि घोळ तिथेच होतो: एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमई, म्हणजे नव्या, वेगवान पद्धतीचीही. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबतो. एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते, पण फक्त साटा घेणाऱ्या स्लॉटमध्ये ती ओळखलीच जात नाही. लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. एम.२ दाबून धरणारा बारीक स्क्रू पुष्कळदा मशीनमध्ये नसतो आणि एसएसडीच्या डब्यातही येत नाही, तो वेगळा मागून घ्या.

रॅम घेताना डेस्कटॉपची लांब पट्टी आणि लॅपटॉपची आखूड सोडिम यांत गल्लत करू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटतो. डीडीआर३ च्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टच्या साध्या पट्टीवर ते चालूच होत नाहीत. जास्त वेगाची पट्टी घातली तरी दोन्ही पट्ट्या हळू पट्टीच्या वेगाने चालतात, तेव्हा तिथे जादा पैसे घालू नका. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. मोकळा स्लॉट असल्याचं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल तर रॅमचा विषय संपला.

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मात्र गुपचूप देऊच नयेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे कार्ड स्वतः ११५ वॅटच घेतं, पण कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सुचवते. ऑफिसातल्या छोट्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तो जेमतेम १८० ते २६० वॅटचा असतो. शिवाय कार्डाची मिमीमधली लांबी कॅबिनेटमध्ये मावायला हवी आणि आठ पिनांची वायर हवी. ती ६+२ ची. प्रोसेसरची ४+४ तशीच दिसते, पण ती इथे चालत नाही. प्रोसेसरला तर सॉकेट (बोर्डावरची त्याची बैठक) जुळूनही बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागू शकतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा मशीनवर साधी साटा एसएसडी ठीक. महागडी रॅम नको.

मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर भाव करा, पण ‘बिलाशिवाय’चा भाव घेऊ नका. वॉरंटीच्या वेळी जीएसटीचं पक्कं बिल लागतं. त्यावर पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि त्याची प्रत भेटीबरोबर द्या. अमेरिकेहून कोणी आणून देत असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी बघा.

नुसता पार्ट देऊन भागत नाही. एसएसडीसोबत जुन्या अडीच इंची डिस्कसाठी यूएसबी ३ चं केसिंग द्या. नवी डिस्क त्यात घालून क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करता येतं आणि मग जुनी डिस्क बॅकअपला उरते. एम.२ असेल तर केसिंगही त्याच प्रकारचं लागेल. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्यायला सांगा, नाहीतर क्लोननंतर विंडोज तीच मागत बसेल. जुनी डिस्क लगेच पुसू नका, आठवडाभर तशीच राहू द्या.

आणि खरेदी फार आधी करू नका. बदलून घ्यायची मुदत कित्येकदा सात-दहा दिवसांचीच असते, त्यात सील फोडलेलं पाकीट बरेच दुकानदार परत घेत नाहीत. वाढदिवसाच्या दोन-तीन दिवस आधी घ्या आणि त्याच आठवड्यात पार्ट बसवून बघायला लावा.