पावणेदोन तास डोक्यावर राहील असा इअरमफ: रेंजवर जाण्याआधीची तयारी

इअरमफ, म्हणजे आवाज अडवायला दोन्ही कानांवर बसणारे कप आणि त्यांना जोडणारी डोक्यावरची पट्टी. दुकानात चढवून बघितलेला कुठलाही इअरमफ बराच वाटतो. पाच मिनिटांत काही बोचत नाही, कानशिलं गरम होत नाहीत. खरी परीक्षा नेमबाजीच्या रेंजवर असते. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं मारायचा प्रकार) तयारी आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवण्याची, १५ मिनिटं, मग ६० गोळ्यांना ९० मिनिटं, म्हणजे सलग पावणेदोन तास. १० मीटर एअर रायफललाही दीड तास लागतो. एवढ्या वेळात मफ कुठं टोचायला लागला की हात आपोआप वर जातो, एक कप जरासा सरकतो, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लेनवरची गोळी सुटते. त्यामुळं खरेदीला निघताना प्रश्न एवढाच ठेवा: हा पावणेदोन तास काढावासा वाटणार नाही ना? डब्यावरचा आकडा त्यानंतर.

आधी बंदूक कुठली ते पक्कं करा. एअर रायफल आणि एअर पिस्तुलाचा आवाज सहसा कान बिघडवण्याइतका नसतो. तिथं कान झाकायचे ते हॉलमधली कुजबुज, पंख्याची घरघर आणि शेजारच्याची खुडबुड बाजूला ठेवण्यासाठी. फोमचे साधे इअरप्लग त्याला पुरतात. पॉइंट टू-टूला, म्हणजे .२२ बोअरच्या दारूच्या गोळीला, मात्र हे चालत नाही. रायफलमधून सुटलेल्या या गोळीचा आवाज कानाजवळ १४० डेसिबलच्या आसपास जातो, आखूड नळीच्या पिस्तुलातून त्याच्याही वर, आणि बारा बोअरची शॉटगन तर १५०च्या पुढं. क्षणिक आवाजासाठी १४० ही वरची मर्यादा मानली जाते. डेसिबलमध्ये १० वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणून १४० आणि १५० मध्ये फरक थोडा आहे असं समजू नका. आतल्या कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि त्या मारायला एक उघडी गोळीही पुरते.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की आपल्या बेळगाव भागात बंदूक फक्त स्पर्धेपुरती नाही. खानापूरच्या जंगलकडेला रानडुकरांसाठी पीक राखणीच्या परवान्याची बंदूक घरात असते, एनसीसीच्या कॅम्पात पोरं पॉइंट टू-टू चालवतात. ‘वर्षाला चार बार काढायचे, त्याला कानाला काय लावायचं’ हे दोन्हीकडं ऐकू येतं. चारच बार काढायचे असले तरी चारही बारांना कान झाकलेला हवा. आणि कापूस नको. कापसानं माणसांचं बोलणं दबल्यासारखं वाटतं, पण बंदुकीचा आवाज जवळपास जसाच्या तसा आत जातो. गोळीची रिकामी केस कानात खोचणं तर त्याहून वाईट: बंद होत नाही आणि पडद्याकडं सरकली तर काढायला डॉक्टर लागतो. गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग इअरफोनही या कामाचे नाहीत. ते पंख्यासारखी सतत चालणारी घरघर कमी करतात, स्फोटाच्या आवाजासाठी ते बनवलेलेच नसतात.

आता डब्यावरचा आकडा, म्हणजे मफ किती डेसिबल आवाज अडवतो ते. अमेरिकन माल असेल तर एनआरआर, युरोपियन असेल तर एसएनआर लिहिलेलं असतं. दोन्ही मोजायच्या पद्धती वेगळ्या, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका. त्याच मफचा एसएनआर सहसा मोठाच दिसतो. युरोपियन मानक ईएन ३५२, आपलं आयएस ९१६७. यातलं काहीच छापलेलं नसेल आणि नुसतं ‘हाय क्वालिटी’ असेल तर तो डबा जागेवर ठेवा. आकडा प्रयोगशाळेतला असतो, नीट बसवलेल्या कानावरचा. प्रत्यक्षात किती उरतं याचा कारखान्यांसाठीचा एक कडक अमेरिकन हिशेब आहे: एनआरआरमधून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा. २७चा मफ त्या हिशेबानं १० डेसिबलवर येतो. म्हणून ३१चा जाड मफ अर्धवट बसवण्यापेक्षा २२चा चिकटून बसलेला कधीही बरा.

बंद हॉलमधली रेंज, बारा बोअर किंवा सेंटरफायर (जास्त जोराच्या काडतुसाची बंदूक) असेल तर प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाला. दोघांची बेरीज होत नाही. जो मोठा असेल त्याच्यावर साधारण ५ डेसिबल मिळतात, म्हणजे २९चा प्लग आणि २२चा मफ मिळून ३४च्या आसपास. त्याहून पुढं कवटीच्या हाडातून आवाज आत पोचतो, तिथं कुठलाच मफ कामाचा नाही.

बेळगावात उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात सेफ्टी शूज, हातमोजे विकणारी दुकानं आहेत आणि मफही तिथं मिळतात. तिथला माल वाईट नसतो, पण तो फाउंड्रीत उभ्यानं काम करणाऱ्यासाठी असतो. कप खोल, खालची कड जाड. रायफलवाल्याचा गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर, टेकला की ही कड स्टॉकला आपटते, कप वर उचलला जातो आणि कानाखाली फट पडते. ती नेहमी एकाच बाजूला पडते: उजव्या हातानं मारणाऱ्याच्या उजव्या कानाला. म्हणून रायफलसाठी पातळ कपाचे, खालून कापल्यासारखे दिसणारे मफ घ्या. आणि डाव्या कानाकडं जास्त लक्ष द्या. उजव्या हाताच्या नेमबाजाचा तोच कान नळीच्या तोंडाच्या जवळ असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. पिस्तुलवाल्याला स्टॉकचा त्रास नसल्यानं खोल कप चालतात. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, जाकिटाची ताठ कॉलर मफला खालून ढकलते का तेही जाकीट घालूनच बघा, शर्टावर कळत नाही.

चष्मा हा मफचा खरा शत्रू. काडी कानावरून जाते तिथं कपाच्या कडेच्या कुशनखाली तांदळाच्या दाण्याएवढी फट राहते, आणि तेवढ्यानं ३ ते ७ डेसिबल निसटू शकतात. बघायचं असेल तर चष्मा घालून मफ चढवा आणि काडीच्या वर, कानशिलावर बोटाचं टोक फिरवा. कुशन काडीशी टेकलेलं नसेल तिथं बोटाला खळगा लागतो. उपाय दोन: पातळ, चपट्या काडीचा चष्मा, नाहीतर मऊ, जाड फोमचं किंवा जेलचं कुशन. जेल काडीभोवती नीट बसतं, पण वजनाला जास्त आणि अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात चटके देतं. रोजच्या सरावाला आम्ही चष्मेवाल्यांना सरळ प्लगच सांगतो. कानातल्या वस्तूंचंही तसंच. कुडी चालून जाते, पण झुबे, बुगडी आणि भिकबाळी कुशनखाली दाबून कानाला खोक पाडतात. रेंजवर निघण्याआधी काढून ठेवा. वेणी पाठीवर राहू दे, अंबाडा मात्र पट्टीच्या खाली येऊ नये, आणि कानावरचे केस मागं घेऊनच कप बसवा.

प्लगचा फोम हाताळायची एक रीत आहे, आणि चुकते ती नव्वद टक्के इथंच असं म्हटलं तरी चालेल. छर्रे किंवा गोळ्या हाताळण्याआधी प्लग घाला, कारण शिसं बोटांवरून फोमला आणि फोमवरून कानाला लागतं. हात साबणानं धुतलेले हवेत. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून वातीसारखा वळा, चपटा नको, सुरकुत्या नकोत. डाव्या हातानं डोक्यावरून वळसा घालून उजव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. वात लगेच आत सरकवा आणि बोट तसंच ठेवून २०-३० सेकंद थांबा. ही तीस सेकंदं कुणी थांबत नाही, म्हणून प्लग फुगताना बाहेर येतो. आरशात समोरून बघितलं तर प्लगचं टोक दिसायला नको. दिसलं तर काढून नवा वळा. तळहात कानावर झाकून बघा, आवाजात फार फरक पडत असेल तर अजून बसलेला नाही. काढताना हळू, पिळत काढा, नाहीतर आतली हवा ओढली जाऊन पडदा दुखतो. एक जोडी एका दिवसाची. त्यात कंजुषी करू नका. ज्यांची नळी लहान, त्यात मुलंही आली, त्यांना लहान आकाराचे प्लग घ्या; मोठा आकार जबरदस्तीनं घातला की दहा मिनिटांत कान दुखतो. तीन कडांचे सिलिकॉनचे प्लग धुऊन परत वापरता येतात, पण त्यांची दोरी स्लिंगला (रायफलच्या पट्ट्याला) आणि जाकिटाला घासली की कानात खरखर ऐकू येते. दोरी कापून टाका.

महाग पर्याय म्हणजे कानाच्या मापानं बनवलेले. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ, कानात मऊ मसाला भरून साचा घेतो. साचा घेताना जबडा किंचित उघडा ठेवा, कारण गाल स्टॉकवर टेकल्यावर जबड्याबरोबर नळीचा आकार बदलतो. गाणी ऐकायच्या फिल्टरचा प्रकार नको, भरीव हवा हे स्पष्ट सांगा. वाढत्या वयाच्या पोरांना हे परवडत नाही; वर्षा-दोन वर्षांत कान वाढतो आणि प्लग सैल होतो.

इलेक्ट्रॉनिक मफ सरावाला छान. बाहेरचं बोलणं आत ऐकवतात, आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की, काहींत ८२ डेसिबलला, आत सोडणं थांबवतात. कोचशी बोलायला मफ वर करावा लागत नाही, ही मोठी सोय. सेल संपला तरी कप झाकलेलाच राहतो, म्हणजे संरक्षण जात नाही. पण आयएसएसएफ या नेमबाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धेत आवाज टिपून देणारा मफ खेळाडूला चालत नाही. तेव्हा सराव यावर आणि स्पर्धा साध्यावर असं करू नका, वजन आणि दाब बदलला की पोझिशनमध्ये डोकं वेगळं टेकतं. स्पर्धेच्या निदान तीन-चार आठवडे आधी साध्या मफवर या.

घरची परीक्षा सोपी आहे. मिक्सर लावा, मफ चढवा, मग दोन्ही कप हातानं आत दाबा. दाबल्यावर आवाज आणखी कमी झाला तर कुठं तरी फट आहे. पट्टी लांब-आखूड करून परत बघा. नंतर चष्मा, टोपी, जाकीट, सगळं घालून अभ्यासाला किंवा टीव्हीपुढं पावणेदोन तास बसा. वीस मिनिटांनंतर डोक्याच्या मधोमध दुखायला लागलं तर पट्टीची गादी पातळ आहे, कानाच्या वरच्या टोकाला दुखलं तर कप लहान आहे. कप कानाला टेकूच नये, कान पूर्ण आत मावायला हवा. दाब जास्त वाटतो म्हणून पट्टी वाकवून ढिली करू नका. फट तिथंच तयार होते. प्लग घातला की आपलाच श्वास आणि प्रोनमध्ये नाडीचा ठोका मोठा ऐकू येतो, त्यानं पहिल्या दिवशी नवखे गोंधळतात. त्याची सवय ड्राय फायरमध्येच, म्हणजे गोळी न भरता सराव करतानाच, करून घ्या.

कानाचं आधी एकदा बघून घेतलेलं बरं. कान वाहत असेल, पडदा फाटलेला असेल किंवा मळानं नळी बुजलेली असेल तर प्लग नको, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. काडी किंवा पिन घालून मळ काढू नका, तो आतच ढकलला जातो. निपाणी-चिकोडीच्या मुलांसाठी नेमबाजी आता काही नवखी नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. पोरं बारा-तेराव्या वर्षी येतात, म्हणजे सुरू करतानाच ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढून ठेवला तर पुढं वर्षाकाठी ताडून बघता येतो.

आदल्या संध्याकाळी बॅगेत मफ, फोमच्या निदान चार जोड्या, पातळ सुती रुमाल, साबण, आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर सेलची जादा जोडी. मफ जाकिटाखाली चेपून ठेवू नका, कुशनला दाबाची खूण पडते. मुलाला सोडायला येणाऱ्या पालकांसाठी प्लगच्या दोन जोड्या वेगळ्या ठेवा. फायरिंग लाइनमागं बाकड्यावर बसलेल्यांचे कान सहसा उघडे असतात. तान्हं बाळ रेंजवर आणूच नका. प्लग किंवा मफ फायरिंग लाइनवर जाण्याआधी घाला, शेवटची बंदूक अनलोड झाल्यावर काढा. लेनवर मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं, पण हुकूम लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड एवढेच. ते कान झाकून कळतात का हे कोचला मागं उभं करून आधी बघा. कळत नसतील तर मफ काढायचा नाही, हाताच्या खुणा ठरवायच्या.

घरी परतल्यावर कानात शीळ किंवा गुणगुण राहिली, आवाज कापूस घातल्यासारखे वाटले, तर कान कमी झाकला गेला होता. ते जाईपर्यंत परत गोळी चालवू नका, दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर डॉक्टर.

मफ ओल्या फडक्यानं पुसा, पाण्यात थोडा साबण चालतो. स्पिरिट आणि थिनरनं कुशन कडक होऊन तडकतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तरी तेच. जून ते सप्टेंबर खानापूरकडं हवा इतकी दमट असते की घामानं भिजलेला मफ बॅगेत तसाच राहिला तर आठवड्यात बुरशी येते, म्हणून आल्यावर खुंटीवर टांगा, कप उघडे ठेवून. सेल काढून ठेवा. कुशन सहा महिने ते वर्षभर टिकतं. बोटानं दाबल्यावर वर यायला वेळ लागला, किंवा कडेला बारीक चीर दिसली, की नुसतं कुशन बदला, अख्खा मफ टाकायची गरज नाही. खरेदी करतानाच विचारून घ्या, याचं कुशन वेगळं मिळतं का.