शेतीसंरक्षण बंदुकीचा अर्ज: आधी बाटलीचा हिशेब

भात पोटरीत आलं की ओटीवर माणसं यायला लागतात. मोबाइलमध्ये डुकरांनी लोळवलेल्या कुणग्याचे (भाताच्या तुकड्याचे) फोटो, हातात सातबारा आणि तोंडात एकच प्रश्न: "अण्णानूं, दारवेचा परमिट पाच रुपयांत मिळता आणि बंदुकेक इतके फेरे, ह्यो खयचो न्याय?" नोकरीची शेवटची वर्षं मी सिंधुदुर्गात शस्त्र परवान्यांच्या टेबलावर अव्वल कारकून म्हणून काढली, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. अर्ज कसा करायचा ते सांगतोच, पण उत्तर आधी समजून घ्या. ते समजलं की अर्धी फाईल आपोआप नीट लागते.

महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे. दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. कुणी तपासतं का? तुम्हीच सांगा. सरकार पिणाऱ्याला फारसं बघत नाही, दुकानाला बघतं. दुकान कुठे, किती वाजेपर्यंत, कोणत्या दिवशी बंद. गावात दुकान नकोच असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून निवेदन द्यायचं, मग उभी बाटली-आडवी बाटली असं गुप्त मतदान होतं: उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मुंबईला गेलेल्या सुनांची नावं यादीत तशीच असतात, म्हणून हे मतदान जिंकणं महाकठीण.

बंदुकीचं उलटं. तिथे दुकानापेक्षा माणूस तपासतात. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम वाचले तर सगळा रोख तुमच्यावर आहे, डुकरावर नाही. आणि एक गंमत बघा: बंदुकीचा परवाना २१ व्या वर्षी मागता येतो, पण व्हिस्कीसाठी महाराष्ट्रात २५ पूर्ण लागतात. बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात गेलात तर दारूलाही २१ च. हे वयाचं गणित कुणी मांडलं देव जाणे.

काही जण म्हणतात, दारूने माणसं जास्त मरतात, मग तिला सूट का? मरतात हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०१९ साली जगभरात दारूपायी सुमारे २६ लाख माणसं गेली. बंदुकीचे बळी त्यापुढे फारच थोडे. पण दारू वर्षानुवर्षं घर पोखरते, बंदुकीला भांडणातला एक क्षण पुरतो. म्हणून बंदूक हातात पडण्याआधीच माणूस पारखावा लागतो. मला हे पटतं. दारूच्या बाबतीत सरकार महसुलाकडे बघून डोळे मिटतं, हेही तितकंच खरं, पण म्हणून बंदुकीचे फेरे कमी करा असं मी म्हणणार नाही.

आता कामाचं. अर्ज ए-१ नमुन्यात, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, ऑनलाइन भरायचा. (पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे.) कारणाच्या रकान्यात 'स्वसंरक्षण व शेती' अशी खिचडी करू नका. शेती असेल तर शेतीच लिहा, गट नंबरासकट. सोबत सातबारा, आठ-अ, नुकसानीचे पंचनामे, वनखात्याकडून भरपाई घेतली असेल तर तो कागद. भरपाईचा कागद हा सगळ्यात बोलका पुरावा, आणि लोक नेमका तोच घरी विसरतात. जमीन थोडी आहे म्हणून घाबरू नका: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असं कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. बंदूक मागायची ती साध्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची, नळी वीस इंचांपेक्षा कमी नसलेली. ठासणीच्या (नळीच्या तोंडातून बार भरायच्या) बंदुकीने काम भागेल असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो तेवढाच परवाना देऊ शकतो.

मग एस-३. डॉक्टरचा दाखला. ह्या दाखल्यात मानसिक आणि शारीरिक स्वास्थ्याबरोबर आणखी एक गोष्ट खास नमूद करावी लागते: अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी गेलेला नाही. बाटली फाईलमध्ये शिरते ती इथे. ओळखीच्या डॉक्टरकडून शेजारच्याने आणला म्हणून तुम्हीही उभ्या उभ्या सही घेऊन येऊ नका. रोज संध्याकाळी बसायची सवय असेल तर आधी ती मोडा, मग दाखल्याला जा. बंदुकीच्या हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा एस-१ दाखला आणि ती सुरक्षित ठेवण्याची हमी, हेही लागतं. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी घरात कुलूप लागणारं कपाट खरंच आहे ना, ते बघा.

बाटली दुसऱ्यांदा शिरते ती पोलीस अहवालात. फाईल ठाण्यात गेली की बीटचा हवालदार गावात येतो, पोलीस पाटलांशी बोलतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेतो. मी पाहिलेल्या फायलींमध्ये 'शिफारस नाही' हा शेरा दरोडे-खुनामुळे क्वचितच असायचा. असायचा तो दशावताराच्या रात्री पिऊन केलेल्या वादामुळे, नाहीतर भावकीत बांधावरून झालेल्या, अदखलपात्र म्हणून नोंदलेल्या शिवीगाळीमुळे. शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला असेल, तर त्याची मुदत चालू असेपर्यंत अर्ज करण्यात अर्थच नाही. जुनी नोंद असेल तर लपवू नका. प्रकरण कसं मिटलं त्याचा कागद स्वतःहून जोडा. हवालदार आला की मागच्या दाराने निघून जाणारे महाभागही असतात. त्याला बसवा, चहा द्या, शेत दाखवा.

नकार आलाच तर कारणं लेखी मागा. मागितल्यावर ती द्यावी लागतात, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून. मग अपील.

परवाना मिळाला म्हणजे डुकराला गोळी घालायची मुभा मिळाली, हा गैरसमज घराघरात आहे. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा. रानडुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसताना बार काढायचा तो हवेत, हाकलण्यापुरता. लग्नाच्या वरातीत तर बंदूक बाहेरच काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हलगर्जीपणे गोळी झाडणं हाही गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत हातात बंदूक येते तेव्हा पोटात काय असतं, हे मी सांगायला नको.

बाटली आणि बंदूक समोरासमोर येतात असा आणखी एक प्रसंग निवडणुकीचा, आणि इथे मात्र माझं मन शेतकऱ्याच्या बाजूने आहे. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीच्या दिवशी दारूची दुकानं बंद असतात, तेवढ्यावर त्यांचं भागतं. बंदूक मात्र आचारसंहिता लागल्यावर ठाण्यात जमा करा म्हणून निरोप येतो आणि निकालापर्यंत तिथेच राहते. २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे ऐन कापणीत. सरसकट सगळ्यांनी जमा करायलाच हवी असं नाही. कोणाची घ्यायची हे छाननी समितीने प्रकरण बघून ठरवायचं असतं. म्हणून निवडणुकीचं वारं सुटलं की लगेच सूट मिळण्याचा अर्ज द्या, पिकाचा पेरा लावलेला सातबारा आणि गुन्हा नसल्याचं निवेदन जोडा. तरीही जमा करायला सांगितलं तर वाद घालू नका, जमा करा आणि पोच घ्या. पोचेवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज दोन-तीन महिने आधी टाका, तारीख उलटली की घरातली बंदूक बेकायदा ठरते. आणि परवानाधारक वडील वारले असतील तर बाराव्याची वाट पाहू नका. परवाना त्यांच्या नावाचा होता, तुमच्या नाही. बंदूक जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवा, पावती घ्या आणि मग स्वतःच्या नावाचा ए-१ भरायला बसा.