कंपाउंड वॉलची फाइल हातात घ्यायच्या आधी

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या जुन्या हेरिटेज रांगेतली किंवा मरीन ड्राइव्हच्या मागच्या गल्लीतली एखादी सोसायटी म्हणते की आम्हाला नवीन कंपाउंड वॉल बांधायचीय, आणि ते प्रपोजल तुमच्याकडे बघायला येतं, मग तुम्ही आर्किटेक्ट असा नाहीतर कमिटीत नाव टाकल्यामुळे अडकलेले मेंबर असा, पहिलं काम एकच, ड्रॉइंग बाजूला ठेवा आणि साइटवर जा. जाताना टेप, चार्ज केलेला फोन आणि एक अडीच मीटरचा बांबू, कुठल्याही रंगाऱ्याकडे मिळतो. बांबूवर दीड मीटरला आणि दोन पॉइंट चार मीटरला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा. हे दोन आकडे नॅशनल बिल्डिंग कोडमधले, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटर उंचीपर्यंत भिंत चालते, वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा म्हणजे आरपार दिसणारा असेल तर २.४ पर्यंत. मुंबईच्या डीसीपीआरमधलं, म्हणजे शहराच्या बांधकाम नियमावलीतलं, त्याचं कलम मात्र त्याच आठवड्यात प्रिंट काढून सोबत ठेवा, अमेंडमेंट येत राहतात आणि मीटिंगमध्ये कोणीतरी जुनी कॉपी घेऊन बसलेलं असतंच.

मध्यरेषा हा शब्द नीट लक्षात ठेवा बरं का. मी एकदा ड्रॉइंगवर विश्वास ठेवून ओके म्हटलं आणि सोसायटीवाल्यांनी उंची मोजली फुटपाथच्या वरून, फुटपाथ आधीच चढवलेला, भिंत नऊ इंच जास्त झाली आणि प्लास्टर झाल्यावर कोण पाडणार.

आता बांबू उभा धरायला वॉचमनला सांगा आणि तुम्ही समोरच्या फुटपाथवर जा. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणजे दीड मीटरची भरीव भिंत समोर आली की मला तळमजल्याचा खालचा भाग दिसतच नाही. कायद्यात बसणारी भिंत आणि त्या जागी बसणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कागदावर कधीच कळत नाही. प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर कोडप्रमाणे वळणापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भाग ०.७५ मीटरच, वळणारी गाडी दिसायला पाहिजे ना.

मग कागद. प्रॉपर्टी कार्ड, सी.एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक), बिल्डिंगचा हेरिटेज ग्रेड, आणि ग्रेड नसला तरी प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे हेरिटेज परिसरात येते का ते. हेरिटेज रेग्युलेशन्स मुंबईला १९९५ पासून आहेत, आणि २०१८ साली हा आर्ट डेको (१९३० च्या दशकातली भौमितिक नक्षीची शैली) आणि समोरचा गॉथिक पट्टा युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे प्लॉट मुख्य हद्दीत आहे की बफरमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या संरक्षक पट्ट्यात, हेही नकाशावर बघून घ्या. ड्रॉइंगमध्ये फक्त स्वतःची भिंत काढलेली असेल तर परत पाठवा, डावी-उजवीकडच्या बिल्डिंगच्या भिंती एकाच एलेव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगमध्ये पाहिजेत, नाहीतर रांगेत एकच दात पुढे आलेला कसा दिसेल ते कळणार कसं?

खरा वेळ गेटला द्या, हे माझं स्पष्ट मत. १९३० च्या दशकातल्या या बिल्डिंगी डिझाइन करणाऱ्यांनी, एम्प्रेस कोर्टवाले गजानन म्हात्रे घ्या किंवा त्यांच्या वेळचे बाकीचे, लोखंडाला भिंतीइतकंच महत्त्व दिलं, जिन्याच्या ग्रिलमध्ये सूर्यकिरण किंवा लाटा असतील तर बऱ्याचदा गेटमध्येही त्याच येतात. म्हणून आधी आत जाऊन जिन्याचा फोटो काढा, मग गेटचा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. जुन्या गेटच्या जोडावर बोट फिरवा, रिव्हेट लागले तर ते जुनं काम, वेल्डिंगचा ओबडधोबड फुगवटा लागला तर तो तुकडा नंतरचा. खाली गंजलंय म्हणून अख्खं गेट काढून लेझर कट पत्र्याचं किंवा स्टीलचं चकचकीत बसवायचा प्रस्ताव असतो, तेव्हा फॅब्रिकेटरला विचारा की नुसता खालचा सहा इंचाचा पट्टा बदलून, गंज रोखणारं रेड ऑक्साइड मारून किती खर्च येईल. कोटेशन दोन्ही मागवा, दोन्ही.

आणि सेक्रेटरी काकांना चहा घेता घेता विचारा की भिंत हवीय कशाला. सिक्युरिटी असं उत्तर येतं, पण दहा मिनिटांनी खरं निघतं, कोणीतरी कोपऱ्यात लघवी करतं, किंवा डिलिव्हरीवाले गेटला बाइक लावतात. लघवीसाठी लोकांनी भिंतीवर देवांच्या टाइल्स लावून बघितल्यात, तो उपाय हेरिटेजच्या भिंतीवर नको, तिथे एक दिवा लावला तरी फरक पडतो. बाइकवाल्याला तर भिंत उंच केली काय आणि नाही काय. सगळीच कुंपणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही, समोर ओव्हलभोवती कुंपण आहेच की, पण त्याच्या आरपार मॅच दिसते.

पावसाचं विसरू नका. भिंतीच्या तळाशी पाणी जायला भोकं दाखवलीत का, पाया झाडाच्या मुळांवरून जातोय का, पालिकेच्या ट्री ऑथॉरिटीची परवानगी लागेल का. २०१९ च्या जुलैमध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून किती माणसं गेली ते आठवत असेल, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही नसलेल्या उंच भिंतीवर चर्चाच नको.

शेरा लिहिताना 'योग्य ते बदल करावेत' असलं काही लिहू नका, त्याचा अर्थ कॉन्ट्रॅक्टर लावतो. 'गेटच्या डाव्या खांबापासून पुढे भरीव भाग ०.७५ मीटर, वर जुन्या नमुन्याची जाळी' असं लिहा, फोटोवर बाण काढून. गेट बदलायला हो म्हणालात तर जुनं कुठे जाणार तेही त्याच शेऱ्यात टाका, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे किलोवर जातं. सोसायटीच्या जिन्याखाली जागा असते, लेबल बांधून तिथे ठेवायला सांगा, आणि ठेवल्याचा फोटो मागा.