फेरेटला घेऊन विमानप्रवास कसा करावा

फेरेट दिसायला मुंगसाच्या जवळचं, पण ना कुत्रा ना मांजर. आणि विमान कंपनीच्या नियमांत घोडं नेमकं तिथेच अडतं. ‘पाळीव प्राणी चालतील’ असं ठळक लिहिलेलं असलं, तरी बऱ्याच कंपन्यांच्या लेखी पाळीव म्हणजे कुत्रा आणि मांजर, बस्स. म्हणून तिकीट काढायच्या आधी फोन करा आणि ‘फेरेट’ हा शब्द उच्चारूनच विचारा. होकार आला तर ईमेलवर लेखी घ्या आणि छापील प्रत जवळ ठेवा. फोनवर कोण काय बोललं होतं, याच्याशी काउंटरवरच्या माणसाला काही देणंघेणं नसतं.

दुसरी चौकशी मुक्कामाच्या ठिकाणची. कॅलिफोर्निया, हवाई, न्यूयॉर्क शहर, ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड इथे फेरेट पाळायला बंदी आहे. वाटेत विमान बदलणार असाल, तर त्या ठिकाणचेही नियम बघा.

देशाबाहेर जायचं तर कागदपत्रांना महिनोन्‌महिने लागतात. युरोपीय संघाचे नियम कुत्रा आणि मांजर यांच्या जोडीला फेरेटचंही नाव घेतात, त्यामुळे निदान काय हवं ते स्पष्ट असतं. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवतात ती ओळखक्रमांकाची चिप, मग रेबीजची लस. हा क्रम उलटला तर लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. लशीच्या वेळी वय किमान 12 आठवडे हवं आणि पहिल्या लशीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. काही देशांतून येणाऱ्यांना रक्ततपासणीही लागते. ते रक्त लशीनंतर किमान 30 दिवसांनी काढतात आणि तिथून पुढे तीन महिने थांबायचं. म्हणजे हिशेब किमान चार महिन्यांवर जातो. काही फेरेटना लशीची जोरदार रिअॅक्शन येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, आणि लस प्रवासाच्या तोंडावर ठेवू नका.

आता पिशवी, म्हणजे कॅरियर. सीटखाली किती जागा मिळते ते कंपनीकडून सेंटिमीटरमध्ये विचारून घ्या. पातळ जाळी नको. रात्रभर उकरून फेरेट तिला भोक पाडू शकतं, आणि डोकं शिरलं की धड शिरलंच म्हणून समजा. चेनची दोन टोकं छोट्या क्लिपने एकत्र अडकवा, कारण नाकाने ढकलून चेन उघडणं त्यांना चांगलं जमतं. तळाशी शोषून घेणारा पॅड, त्यावर तुमचा वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट. पॅड कुरतडणारं फेरेट असेल तर पॅडऐवजी जुना टॉवेल घाला. प्लास्टिक किंवा रबराचा तुकडा पोटात गेला तर आतडं अडकतं.

ही पिशवी महिनाभर आधीपासून घरात उघडी टाकून ठेवा. आवडता खाऊ आतच द्या. झोपायला आपणहून आत जाऊ लागलं, की दहा मिनिटं चेन लावा, मग तासभर, मग गाडीतून एक चक्कर. हा सराव टाळलात तर विमानात पहिला तासभर फक्त उकरल्याचा आवाज ऐकू येईल, तुम्हालाही आणि शेजाऱ्यालाही.

प्रवासाआधी घाईघाईने आंघोळ घालू नका. वास कमी व्हावा म्हणून लोक घालतात, पण आंघोळीने कातडी कोरडी पडते, मग तेलग्रंथी जोमाने कामाला लागतात आणि एक-दोन दिवस वास उलट वाढतो. अंथरूण धुवा, कान पुसा, पुरे. झोपेचं औषध अजिबात नको. गुंगीत श्वास आणि शरीराचं तापमान बिघडलं तर वर आकाशात कोणी काही करू शकत नाही.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते खाण्यात. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पार होतं, त्यामुळे ‘प्रवासात उपाशीच बरं’ हा सल्ला इथे चालत नाही. निघताना थोडं खायला द्या, मग दर तीन तासांनी चिमूटभर. वय झालेल्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा हा स्वादुपिंडाचा आजार बराच आढळतो. त्यात रक्तातली साखर झपाट्याने उतरते. एकटक बघत राहणं, लाळ गळणं, मागचे पाय लटपटणं दिसलं तर हिरड्यांना थोडा मध चोळा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका.

उष्णतेचंही असंच. फेरेटला घामाने अंग थंड करता येत नाही. 27 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या. शक्य असेल तर थेट विमान घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. कार्गोने पाठवावंच लागलं, तर खरा धोका उन्हात, जमिनीवर ताटकळण्याचा असतो.

सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रेमधून जाते, फेरेट नाही. ते तुमच्या हातात. गर्दीच्या रांगेत चेन उघडू नका, वेगळी खोली मागा. छातीला बसणारा पट्टा घरूनच घातलेला असू द्या, पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जाईल इतका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. घाबरून त्याने घाण वास सोडलाच तर शरमू नका, काही मिनिटांत तो विरतो.

विमानात पिशवीवर पातळ कापड टाका, हवेची बाजू मोकळी ठेवून. शेजारी शिंकत असेल तर जागा बदलून मागा. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. मध्येच ते हलेनासं झालं, मान लुळी पडली, तर आधी छाती हलते का बघा. फेरेट कधी कधी इतकं गाढ झोपतं की मेलंय असं वाटावं. नाकाशी खाऊ धरला की बहुतेक वेळा जागं होतं. जागं झालं नाही, तर तो मघाचा मध काढा.

पोहोचल्यावर आधी पाणी, मग खाणं. खोलीत सोडण्याआधी कपाटामागच्या आणि दाराखालच्या फटी बुजवा. पुढचे 24 तास शी बघत राहा. एक-दोनदा पातळ झाली तर घाबरायचं कारण नाही, पण खाणं सोडलं किंवा शी झालीच नाही, तर सामान तसंच राहू द्या आणि डॉक्टर गाठा. फेरेट बघणारा डॉक्टर कोण, हे मात्र निघायच्या आधीच शोधून ठेवलेलं हवं. सगळेच बघत नाहीत.