नाशिकच्या खडकाळ वाटांसाठी माउंटन बाइकची हलकी आणि टिकाऊ चाकं कशी निवडावीत

नवी चाकं बघायला निघण्याआधी सायकलची दोन्ही चाकं सोडवा. टायर, ट्यूब, डिस्क, मागची गिअरची चक्रं उतरवा आणि उरलेली नुसती चाकं किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. सुरुवातीच्या किमतीच्या माउंटन बाइकची जोडी सहसा २.२ ते २.५ किलो भरते, कधी त्याहून जास्त. चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीचं वजन १७०० ते १९०० ग्रॅम असतं, कार्बनच्या हलक्या जोडीचं १३०० ते १५०० ग्रॅम. तुमचा आकडा लिहून ठेवा. दुकानात ‘एकदम हलकी’ असं ऐकायला मिळतं, ग्रॅम मात्र विचारावे लागतात. कंपनीने छापलेल्या वजनात रिमवरची टेप आणि व्हॉल्व्ह बहुतेक वेळा धरलेले नसतात, हेही लक्षात असू द्या.

मग टायर काट्यावर ठेवा. ज्याच्या काठात पोलादी तार असते तो टायर घडी होणाऱ्या टायरपेक्षा सहसा शंभरेक ग्रॅमने जड असतो. चाकाच्या परिघावरचा एक ग्रॅम वेग घेताना फ्रेमवरच्या जवळपास दोन ग्रॅमइतका जड पडतो, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. एकसारख्या वेगाने चढ चढताना हा फरक उरत नाही. पण आपल्या वाटांवर एकसारखा वेग मिळतोच कुठे? दर दहा-वीस फुटांवर दगड, ब्रेक, पुन्हा जोर. म्हणून मी आधी टायर, मग रिम, आणि सगळ्यात शेवटी हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतात) असा खर्चाचा क्रम लावतो.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली. आज लांब पल्ल्याची सायकल चालवणारे शहरात भरपूर आहेत आणि चाकांबद्दल आपुलकीने सल्लाही देतात. तो सल्ला डांबरासाठी अगदी योग्य असतो. अंजनेरीच्या पायथ्याशी किंवा ब्रह्मगिरीच्या बाजूला मात्र बेसाल्टचा काळा दगड धारदार कडांनी वर आलेला असतो. पावसाळ्यात त्र्यंबक, हरसूलकडे चाक चिखलातून निघतं, आणि गंगापूर धरणाच्या मागच्या शेतवाटांवर कुंपणाला लावलेल्या बाभळीचे काटे पसरलेले असतात. तेव्हा चाक निवडताना ‘मी जास्तीत जास्त कुठे जातो’ याचं खरं उत्तर स्वतःला द्या. महिन्यातले तीन रविवार पांडवलेणीपर्यंत डांबरावरूनच जात असाल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. चांगले टायर पुरे.

आधी मापं, मग पसंती

चाकाचा व्यास टायरवरच लिहिलेला असतो: २६, २७.५ किंवा २९ इंच. त्याच्याशेजारी ५५९, ५८४ किंवा ६२२ असा आकडा सापडला तर तोच पक्का धरा. ते रिमचं टायर बसण्याच्या जागेचं मिलिमीटरमधलं माप आहे.

खरी चूक हबच्या रुंदीत होते. जुन्या चाकाचा हब एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा. क्विक रिलीजचं (हाताच्या खिट्टीने सुटणारं) चाक असेल तर दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारा एक्सलचा (चाकाच्या आसाचा) तुकडा सोडून, नटच्या बाहेरच्या कडा धरा. पुढे १०० किंवा ११० मिलिमीटर येतील. मागे १३५, १४२ किंवा १४८. यातलं ११० आणि १४८ म्हणजे ‘बूस्ट’ हे रुंद माप. मी एकदा १४८च्या फ्रेमसाठी १४२चं चाक घेऊन आलो होतो. दुकानदाराने विचारलं नाही, मीही मोजलं नव्हतं. सहा मिलिमीटरपायी ते चाक परत द्यावं लागलं आणि त्या पावसाळ्यातले दोन रविवार घरी गेले.

डिस्क सहा स्क्रूंनी बसते की मध्यभागी दात असलेल्या ‘सेंटरलॉक’वर, तेही बघून घ्या. सेंटरलॉक हबवर अ‍ॅडॉप्टर लावून सहा स्क्रूंची डिस्क बसवता येते, उलटं जमत नाही. मागची चक्रं १२ स्पीडची असतील तर फ्रीहब (हबचा तो भाग ज्यावर मागची चक्रं बसतात) शिमानोच्या ‘मायक्रो स्प्लाइन’चा, श्रामच्या ‘एक्सडी’चा की जुन्या ‘एचजी’ पद्धतीचा, हे चाक घेण्याआधी ठरवायला हवं.

स्वस्त सायकलींवर ६ किंवा ७ स्पीडचं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा एकत्र गठ्ठा) हबवर आट्यांनी फिरवून बसवलेलं असतं. तिथे चेनच्या बाजूचं बेअरिंग बरंच आत राहतं, एक्सलचा शेवट आधाराविना राहतो आणि खडकावर आदळून एक्सल वाकतो किंवा तुटतो. तुमचा एक्सल दोनदा बदलून झाला असेल तर तिसरा घेऊ नका, कॅसेटचा हब (ज्यात चक्रं फ्रीहबवर सरकवून बसवतात) असलेलं चाक घ्या. तुमचे ७ स्पीडचे शिफ्टर तसेच ठेवता येतात. ७ स्पीडची कॅसेट नेहमीच्या ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबवर ४.५ मिलिमीटरचा स्पेसर (जागा भरणारी कडी) टाकून बसते.

रिम

दुहेरी भिंतीचीच घ्या आणि ट्यूबलेस (ट्यूबशिवाय टायर) चालणारी घ्या. आतली रुंदी २५ ते ३० मिलिमीटर असली की २.२५ ते २.४ इंचाचा टायर नीट बसतो, वळणावर कलंडत नाही. कार्बनचा मोह मला समजतो, उचलून पाहिलं की हात सोडवत नाही. तरी इथल्या दगडांसाठी पहिली जोडी अ‍ॅल्युमिनियमचीच असावी असं माझं ठाम मत आहे. रिमची कड दगडावर आदळून चेपली तर अ‍ॅल्युमिनियम बऱ्याचदा पान्याने सरळ करून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला की त्या चाकावर बसायचं नाही.

चाक टिकतं ते स्पोकच्या ताणावर

माझ्या मागच्या चाकाचे दोन स्पोक अंजनेरीच्या बाजूला एकाच सकाळी तुटले. चाक इतकं आऊट (वाकडं) झालं की फ्रेमला घासू लागलं, आणि मी त्र्यंबक रोडपर्यंत सायकल ढकलत आणली. स्पोक हलके होते म्हणून तुटले असं मला वाटलं. जुन्या मेकॅनिककाकांनी शेजारचे स्पोक बोटांनी दाबून दाखवले: दोन कडक, एक सैल, पुन्हा एक कडक. स्पोक बहुधा जास्त ओढल्याने तुटत नाही, सैलावल्याने तुटतो. चाक फिरताना खाली आलेल्या स्पोकचा ताण कमी होतो, वर गेला की परत वाढतो. मुळात ताण अपुरा असेल तर प्रत्येक फेरीला तो ढिला पडून झटका खातो आणि हबजवळच्या वाकलेल्या मानेत थकून तुटतो. तार वाकवून वाकवून आपण तोडतो, तसंच ते.

म्हणून स्टेनलेस स्टीलचे, दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे स्पोक मागा. त्यांना ‘डबल बटेड’ म्हणतात. मधला बारीक भाग थोडा ताणला जातो, धक्का शेजारच्या स्पोकांत वाटला जातो आणि मानेवरचा भार हलका होतो. वजन कमी करूनही टिकाऊपणा वाढवणारी चाकातली ही एकमेव जागा मला माहीत आहे. तुमचं वजन ८५ किलोच्या पुढे असेल किंवा पाठीवर सामान घेऊन जात असाल तर ३२ स्पोक घ्या; हलक्या माणसाला २८ चालतात. निप्पल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) पितळेचेच असू द्या. अ‍ॅल्युमिनियमचे निप्पल काही ग्रॅम वाचवतात, पण चिखलपाण्यात गंजून अडकतात.

दुकानातच चाक तपासा. एका बाजूचे स्पोक एकामागून एक बोटाने छेडा, तंबोऱ्याची तार छेडावी तसे. त्या बाजूच्या सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात चेनच्या बाजूचा सूर वरचा असतो, तो दोष नव्हे. मग चाक फिरवून रिमच्या कडेजवळ नख धरा. नख एकदाच लागून सुटत असेल तर आऊट काढून द्यायला सांगा. ताण मोजायचं यंत्र दुकानात असेल तर चेनच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो दाखवायला हवेत, पण वरची मर्यादा रिमच्या कंपनीने दिलेलीच पाळा.

हब

सील्ड कार्ट्रिज बेअरिंगचा (बंद, अख्खं बदलता येणाऱ्या बेअरिंगचा) हब घ्या. छर्रे आणि कोनचा हबही वर्षानुवर्षं चालतो, मात्र दर पावसाळ्यानंतर कुणीतरी तो उघडून ग्रीस भरायला हवा. कार्ट्रिज बेअरिंगवर नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ ६९०२. म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, रुंदी ७ मिलिमीटर. पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे बेअरिंगची दुकानं आहेत. नंबर सांगितला की सायकल कंपनीची वाट बघावी लागत नाही.

काट्यांसाठी ट्यूबलेस

२९ इंची चाकात ट्यूब साधारण २०० ग्रॅमची, तिच्याजागी ९० ते १०० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव). म्हणजे चाकामागे शंभरेक ग्रॅमची बचत होते, आणि बाभळीच्या काट्याचं भोक आपोआप बुजतं. काटा दिसला तरी वाटेत उपटू नका, घरी येऊन काढा. ७० किलोच्या आसपासच्या माणसाने २२ ते २८ पीएसआय दाबाच्या हवेपासून सुरुवात करावी. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं. दर दोन महिन्यांनी चाक कानाजवळ धरून हलवा. आत द्रव खळखळला नाही तर नवं भरा.

नव्या चाकांवर पहिले ५०-८० किलोमीटर झाले की ताण पुन्हा तपासून आऊट काढून घ्या, कारण स्पोक जागेवर बसताना सैलावतात. आणि चाक घेतानाच जास्तीचे स्पोक मागून घ्या. मागच्या चाकात दोन्ही बाजूंच्या लांबीत सहसा दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, म्हणून प्रत्येक लांबीचे दोन-दोन. ते चिकटपट्टीने फ्रेमच्या नळीला बांधून ठेवा, निप्पल आणि ‘स्पोक की’ (निप्पल फिरवायचा छोटा पाना) खोगिराखालच्या पिशवीत.